नऊ ठिपके

माझे वडील, आबा, पिरंगुटजवळच्या खाणीत सुरुंग लावायचे आणि मी पुण्यात बसून एका फुटलेल्या ताऱ्याचे तुकडे मोजायचे. एकाच अवशेषाचे काही वर्षांच्या अंतरानं घेतलेले दोन फोटो. त्यातला एकेक ठिपका, म्हणजे एकेक तुकडा, किती सरकला ते भिंगातून पाहायचं आणि त्यावरून तारा फुटला कसा ते काढायचं. माझं म्हणणं होतं, सगळीकडे सारखा फुटला. नऊ ठिपके मात्र एकाच बाजूला भलतेच लांब पळाले होते. मोजण्यातली चूक म्हणून मी ते गाळले. बाकीचं गणित झकास जुळलं. प्रबंध टायपिस्टकडे दिला आणि घरी आले.

पण चैन पडेना. आई स्थळांबद्दल बोलत होती. 'प्रबंध झाला की' हे माझं पालुपद आता संपलं होतं. मी हो-हो करत होते आणि डोक्यात ते नऊ ठिपके. शेवटी आबांचा डबा घेऊन मीच खाणीवर गेले.

बार उडायची वेळ होती. सगळे आडोशाला बसले. आबा बोटांवर मोजत होते. भरलेली भोकं सहा, आवाज पाचच. त्यांनी कुणाला उठू दिलं नाही. ट्रक खोळंबले होते. मुकादम म्हणाला, दोन आवाज एकदम झाले असतील. आबा ढिम्म. बऱ्याच वेळानं एकटेच गेले, दगड कुठवर उडालेत ते पाहत फिरले आणि न उडालेलं भोक हुडकून आले.

भाकरी खाताना मी त्यांना माझं काम सांगितलं, गाळलेल्या ठिपक्यांसकट.

"आन त्ये नऊ का सोडलं?"

"बसत नव्हते."

आबांनी हातातला घास खाली ठेवला. "जवळ पडलेला दगुड समदा सारकाच दिसतुया. बार कसा ग्येला ते लांबचा सांगतुया. तुजा एक बार उरलाय, बाय."

मला राग आला. त्यांचा नव्हे, माझाच. हे मला ठाऊक होतं आणि मी घाई केली होती.

सोमवारी पहिल्या एसटीनं जाऊन प्रबंध परत मागितला. नव्यानं मोजण्यात दोन वर्षं गेली. एक चांगलं स्थळ हातचं गेलं, आई महिनाभर धड बोलली नाही. आबा तेवढे दर शनिवारी दारातच विचारायचे, उरलाय का अजून?

नऊच्या नऊ ठिपके खरे निघाले. त्या शनिवारी मी 'नाही उरला' म्हणाले, तेव्हा ते ओट्यावर ऐसपैस बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "आता सांग, तारा फुटला कसा?"