व्याहीबुवांचं खाकरणं

सह्याद्रीतल्या झाडून सगळ्या जनावरांनी ज्यांना पाहिलंय आणि ज्यांनी त्यांतलं एकही पाहिलेलं नाही, असे गृहस्थ अख्ख्या पुण्यात एकच. ते म्हणजे आमचे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. राहायला विश्रांतवाडीला, पण जीव सगळा चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात. दर हिवाळ्यात मला ओढून नेणार. गळ्यात दुर्बीण, खिशात शेंगदाण्याचे लाडू, आणि पायवाटेच्या प्रत्येक वळणावर थांबून मोठ्यांदा खाकरणार. दुसऱ्याच्या घरात शिरताना उंबऱ्याशी खाकरावं, म्हणजे आतली माणसं सावरून बसतात, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. ती त्यांनी जंगलालाही लावली. हे खाकरले की पलीकडे पाचोळा वाजे, शेकरू फांदी सोडून पळे, आणि वाटाड्या कपाळाला हात लावी.

"अहो व्याहीबुवा, गप्प चला की!"

"घरधन्याला न कळवता आत शिरू? चोर आहे का मी? तुमची शाळा चौथीत सुटली, रीतभात पाचवीला होती वाटतं."

त्या दिवशी मी त्यांचा लाडू खाल्ला नाही.

यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेलीचाही भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. "एकदा गवा बघायचा होता हो," एवढंच व्याही बोलले. मग आम्ही निघालो. कारवीतून धुकं मेंढरांच्या कळपासारखं उतरत होतं. आम्ही चालतोय की डोंगर चाललाय, कळेना. वळण आलं. त्यांनी घसा साफ करायला घेतला. लेकीच्या लग्नात, मुलीचे वडील तुम्ही, हात जोडा, असं सगळे सांगत होते. मी जोडले नव्हते. तिथे जोडले. म्हटलं, "एवढ्या वळणाला नको."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग घशाशी आलेलं खाकरणं गिळून चालू लागले.

समोर गवा उभा. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, पंधरा पावलांवर.

"कुठाय?"

"तो काय, समोर."

"धुकं फार आहे हो."

धुकं केव्हाच सरलं होतं. तेवढ्यात गवा नाकातून मोठ्यांदा फुसकारला, आणि व्याह्यांचा चेहरा उजळला.

"ऐकलंत? घरधनी खाकरला! या म्हणतोय." त्यांनी हात जोडले, जरा डावीकडे चुकून.

आता ते गॅलरीत बसून असतात. मी येरवड्याहून बसने जातो. दाराला बेल आहे, पण मी खाकरतो. आतून जोरात फुसकारा येतो. मग मी चपला काढतो.