मामांचा माइक आणि माझा संशय

सांगतो, पण आमच्या मिरजेच्या मामांसमोर हा विषय काढायचा नाही, एवढं आधी कबूल करा.

मी सांगलीत राहतो आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. साताऱ्याच्या माझ्या सासऱ्यांच्या मते हे दोन्ही दोषच, पण त्यातला पहिला एक वेळ चालवून घेता येतो. मिरजेला तंबोरे बनवणारे मामा, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, मध्ये पडले म्हणून आमचं लग्न झालं. "पोरगा सुरात हाय, दाजी," एवढंच ते म्हणाले आणि सासऱ्यांनी होकार दिला. त्या घरात माझ्या बाजूचा माणूस म्हणाल तर हा एवढाच.

तेच मामा परवा म्हणाले, "जावईबापू, काहीतरी झकास वाजवून रेकॉर्ड करा. दाजींना मी सवता ऐकवतो. मग बघू कसं नावं ठेवत्यात." आणि स्वतःचा माइक दिला. टॉवेलात गुंडाळून, वर अर्धा किलो भडंग.

घरी अॅम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज जिच्यातून निघतो ती पेटी, खोलीच्या त्या टोकाला स्टुलावर ठेवली. जाळीसमोर चार बोटांवर माइक. त्याची वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉप माझ्या खुर्चीशेजारी टीपॉयवर. वाजवलं, ऐकलं. आवाज असा, की शेजारच्या घरात कोणीतरी बादलीत बसून वाजवतंय.

माइक सरकवला. मध्यभागी, कडेला, जाळीला चिकटवून, हातभर लांब. अख्खी सकाळ गेली, आणि गंमत बघा, आवाजात तसूभर फरक नाही. माइक कुठंही ठेवला तरी आवाज तोच, याचा अर्थ शहाण्या माणसानं काय काढला असता? मी काढला तो असा: माइक भंगार आहे.

एकदा संशय आला, की पुरावे आपण होऊन रांग लावतात. तळाचा स्क्रू खरवडलेला. म्हणजे कोणीतरी उघडलाय. मामांच्या कारखान्यात गेल्या महिन्यात नवाकोरा माइक दिसला होता. म्हणजे चांगला तो ठेवून घेतलाय. वर "परत द्यायची घाई न्हाई" असं म्हणाले होते. चांगली वस्तू देताना असं कोण म्हणतं? आणि भडंग? तुम्हीच सांगा, भडंग कशाला? माझी खात्रीच पटली, की मामा आतून सासऱ्यांना सामील आहेत. त्यांना असला फाटका आवाज ऐकवायचा आणि माझा विषय कायमचा मिटवायचा.

रविवारी लॅपटॉप पाठीला लावला, स्कूटर काढली. बायको मागं बसली.

"मामांना काही बोलायचं नाही हं."

"बोलतोय कुठं? फक्त ऐकवणार. आणि चेहरा बघणार."

मामा तंबोऱ्याचा भोपळा घासत बसले होते. हात पुसले, डोळे मिटले. मी शेवटचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसलो. अपराधाचं काही चिन्ह दिसेना. मुरलेला माणूस, म्हटलं.

"माइक पेटीपासनं किती लांब हुता?"

"चार बोटं."

"मग गिटार परसात आन् खुर्ची कानात, आसं कसं? करकर किती जवळ येतीया बघा. ऐकणारा तुमच्या खुर्चीशेजारी बसलाय, जावईबापू. पेटीजवळ न्हाई."

आवाज कुठून घ्यायचा, ती यादी मी लॅपटॉपवर उघडली. मामांचा माइक निवडलेलाच नव्हता. लॅपटॉप आपल्या अंगातल्याच बारक्या माइकनं ऐकत होता, आणि मामांचा माइक अख्खी सकाळ पेटीसमोर नुसता उभा होता.

कानापर्यंत लाल झालो. माफी मागायला तोंड उघडलं, तोवर लॅपटॉपमधून माझाच आवाज आला. गिटार संपली होती, पण त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं आणि शेवटपर्यंत मी ऐकलंच नव्हतं.

"भंगार मारलंय माझ्या गळ्यात. गोड बोलून गळा कापणारा माणूस आहे तुझा मामा."

मग बायकोचा आवाज: "अहो, हळू. माइक चालू आहे ना?"

"ह्या माइकमध्ये काय डोंबल येतंय?"

मला बंद करायचं बटण सापडेना. खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्यासाठी शब्द टाकणारा एकुलता एक माणूस, आणि त्याच्याच कारखान्यात बसून, त्याच्याच भाचीसमोर मी त्याला हे ऐकवत होतो.

मामा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे उघडले, भोपळा पुन्हा मांडीवर घेतला आणि शांतपणे घासायला लागले.

"गिटारीचं काय कळंना," ते म्हणाले, "पर बोलणं लय स्वच्छ आलंय. दाजींना ह्यातलं कंचं पाठवू?"