समजाव तिला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सोबत काम करणाऱ्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, मलाच ठाऊक नाही — पण आता पोटात राहत नाही.

मानखुर्दच्या आमच्या वस्तीत मी आरोग्य सेविका आहे. गरोदर बायकांना गाठायचं, बाळाला लशी देणार ना हे आधीच वदवून घ्यायचं, वहीत नोंद करायची. काम चांगलं आहे. मी बाईही चांगली आहे, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

रेश्मा तेव्हा सातव्या महिन्यात होती. बहिणीच्या मुलाला लशीनंतर ताप आला, मांडीला गाठ आली, म्हणून घाबरलेली. तिला फक्त विचारायचं होतं — असं का होतं? उत्तर मला पाठ होतं. ताप येतो, उतरतो, गाठ जिरते, रोग मात्र पोर ओढून नेतो. पाच मिनिटं लागली असती. पण तिने नळावर, दहा बायकांसमोर विचारलं, "ताई, तुम्हाला खरंच माहितीय, का नुसतं वाचून दाखवता?" बायका हसल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सातव्या महिन्यातल्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली — खरंच वाटली. दिली नाही. त्याहून वाईट केलं.

तिचा नवरा साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये कामाला. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्या दारातच भेटला. मी म्हटलं, "बायको ऐकत नाही तुझी. जरा समजाव तिला."

समजाव. आमच्या गल्लीत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मला माहीत नव्हतं? पंधरा वर्षं मी तिथे राहते. कुणाचा सुजलेला डोळा पाहून 'काल समजावलं वाटतं' असं मीच हसत म्हटलेलं आहे.

मी वळणापर्यंतही पोचले नव्हते. आधी भांडं आपटलं, मग ती. पत्र्याची भिंत हादरली. पट्ट्याचा आवाज वेगळा असतो, कळतो लगेच. ती ओरडत होती — पोटावर नको, पोटावर नको. मी थांबले. आत जायला नाही, ऐकायला. आणि सांगू? बरं वाटलं मला. मग वहीत लिहिलं, 'समुपदेशन केले.'

मुलगी सुखरूप झाली. दीड महिन्याने रेश्मा तिला घेऊन केंद्रात आली. तिचा पुढचा एक दात गेलेला होता. मी सांगायच्या आधीच तिने पोरीचा पाय धरून पुढे केला. काही विचारायचंय का, म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, "नाही ताई. समजलं मला."

त्या पोरीच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्या. त्यानंतर आणखी दोन घरांत मी नवऱ्यांना तेच सांगितलं. तेव्हा तर मला रागही आलेला नव्हता. काम लवकर होतं, म्हणून सांगितलं.