जबानीतून गाळलेला एक शब्द

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडचा कापूस एकाएकी साऱ्या जगाला हवासा झाला. त्या वर्षांना लोक आता सोन्याची वर्षं म्हणतात. ती वर्षं मी अकोल्याच्या कचेरीत कारकुनी करत काढली. सोनं कोणाच्या घरी गेलं ते मी पाहिलं आहे. म्हणून तो शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा तिशीत होतो, दोन मुलांचा बाप. अक्षर बरं म्हणून जबान्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. माणूस वऱ्हाडीत सांगायचा, शिरस्तेदार, म्हणजे आमचे मुख्य कारकून, ते आपल्या भाषेत घोळवून मला सांगायचे आणि मी कागदावर उतरवायचो. शिरस्तेदार पुण्याकडचे. आमची बोली त्यांना शिवीसारखी वाटे. मी इथलाच, अमरावतीजवळच्या एका माळ्याच्या घरचा. पण कचेरीत बसायला लागल्यापासून मीही ‘मले-तुले’ टाकून दिलं होतं. त्याची लाज मला पुढे वाटली, तेव्हा नव्हे.

एका हिवाळ्यात मुंबईहून तक्रार आली. अकोल्याच्या एका बड्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या गाठी उघडल्या, तर आतली रुई ओली आणि काळी पडलेली निघाली. वजन वाढावं म्हणून गाठ बांधण्याआधी कोणी तरी तिच्यावर पाणी मारलं होतं. चौकशी लागली. व्यापाऱ्याच्या मुनीमाने सरळ बोट दाखवलं ते आवारात रुई निवडणाऱ्या बायांकडे. म्हणे, त्यांनी खोडसाळपणा केला.

मला संताप येतो तो इथपासून. रुईचं वजन वाढून त्या बायांना काय मिळणार होतं? त्यांची रोजची मजुरी तेवढीच. हा प्रश्न पोलिसांना पडला नाही, शिरस्तेदारांना पडला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पडला नाही. मला तो पडण्याचं कारणच नव्हतं. त्या आवारावरून मी रोज सकाळी कचेरीत जायचो. बाया घागरी घेऊन रुईवर पाणी शिंपडताहेत आणि मुनीम छडी घेऊन डोक्यावर उभा आहे, हे मी कुंपणातून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सहा बायांना धरून आणलं. त्यांची म्होरकी चाळिशीची एक विधवा होती, उंच, हाडापेराने मजबूत, आवाज खणखणीत. बाकीच्या पाचजणी तिच्या आड उभ्या राहिल्या. एकेकीची जबानी झाली. घाबरलेल्या बायांना शिरस्तेदार दोन शब्दही पुरते बोलू देत नव्हते. मसुदा ते मला सांगत, मी लिहीत होतो. शेवटी ‘निशाणी बांगडी’ असं लिहून मी बोरू पुढे करायचो आणि बाई एक वाकडंतिकडं वर्तुळ काढायची. लिहिता न येणाऱ्या कुणब्याने नांगर काढायचा आणि बाईने बांगडी, अशी रीत होती. पाच बांगड्या उमटल्या.

मग म्होरकीची पाळी आली. जबानी दिली, पण बोरू तिने हातात घेतलाच नाही.

“काय लिवलं थे वाचून दाखवा,” ती म्हणाली.

“तू सांगितलंस तेच लिहिलंय,” शिरस्तेदार म्हणाले. “कर निशाणी.”

“मंग वाचाले काय होते? म्या सांगतलं थे मले आयकू द्या.”

“ए बाई, कचेरी आहे ही. तुझ्या गावचा पार नव्हे.”

“कचेरी हाय म्हनूनच म्हनतो. पारावर कोनी कागद करून नाई ठेवत.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. गोरा, वयाने माझ्याएवढाच, मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलणारा. गलका कसला म्हणून त्यांनी विचारलं आणि ऐकून घेऊन मला म्हणाले, “पढके सुनाव.”

मी उभा राहिलो आणि माझंच अक्षर वाचलं: “मुनीमाचे आवारात आम्ही बायांनी रुईवर पाणी मारिले.”

ती एकदम म्हणाली, “नाई! म्या म्हनलं, मुनीमानं आमाले पानी माराले लावलं. ‘लावलं’ कोठी गेलं?”

एक शब्द. तो गाळला की मुनीमाचा हुकूम बायांचा गुन्हा होत होता, आणि तो गाळलेला कागद माझ्या हातात होता. शिरस्तेदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पुरता कळत होता. घरी दोन मुलं होती. तिने माझ्याकडे एकदाही विनवणीने पाहिलं नाही. तिला माझ्याकडून काहीच अपेक्षा नव्हती. ते मला झोंबलं.

“ही बाई खरं बोलते, साहेब,” मी म्हणालो. “हिने ‘लावलं’ असंच सांगितलं. मी ते लिहिलं नाही.”

साहेबांनी दुसरा कागद करायला लावला. तो मी तिच्या शब्दांत लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. तिने मान डोलावली, बांगडी काढली, एकदम गोल. साहेब तिला म्हणाले की तू घरी जा.

ती गेली नाही. तिने पाचजणींकडे हात केला. “अन् याईचं? याईचंबी तुमी तसंच लिवलं असन.”

त्यांच्या निशाण्या झालेल्या आहेत, आता काही होत नाही, असं शिरस्तेदारांनी सुनावलं. साहेब दौऱ्यावर निघून गेले. पाचजणींना कोठडीत टाकलं आणि ही कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. शिपायाने हुसकलं की रस्त्यापलीकडे जायची, तो वळला की परत पायरीवर. सकाळी पाच भाकऱ्या बांधून आणायची आणि कोठडीत द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, वकिलाला, पाटलाला, पाणी भरणाऱ्याला, एकच गोष्ट सांगायची. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी साहेब परतले तेव्हा पायऱ्यांपाशी एवढी माणसं जमली होती की त्यांना घोड्यावरून उतरायला जागा करून द्यावी लागली.

त्यांच्या हुकमाने पाचही जबान्या मी बायांना वाचून दाखवल्या. पाचही बाया एकच बोलल्या: “लावलं.”

मग व्यापाऱ्याला बोलावणं गेलं. तो आला, त्याला खुर्ची मिळाली. बाया उभ्या. त्याने सांगितलं की हे सारं मुनीमाचं काम, आणि मुनीम तर कालच आपल्या मुलखाला निघून गेला. चौकशी तिथेच मिटली. खुर्चीवरून उठताना तो साहेबांशी पिकापाण्याचं बोलला.

बाया सुटल्या. पण अकोल्यातल्या एकाही आवाराने त्यांना पुन्हा उभं केलं नाही. माझी बदली चांदूर बाजारला झाली, खालच्या जागेवर. शिरस्तेदार आपल्या जागी कायम राहिले. त्यांचं वाईट काहीच झालं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

दोनेक वर्षांनी बडनेऱ्याजवळ आगगाडीच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे ती मला दिसली. खडी फोडत होती. त्या पाचांतल्या दोघी सोबत होत्या. मी जवळ गेलो, ओळख दिली. वाटलं होतं, ती दोन बरे शब्द बोलेल.

तिने हातोडा खाली ठेवला. “तुमी थ्या दिवशी खरं बोलले,” ती म्हणाली. “पन पयले पाच कागद तुमीच लिवले ना, भाऊ?”

“हो.”

“तवा कावून नाई बोलले?”

तिने हातोडा उचलला आणि ती पुन्हा खडी फोडायला लागली. पोथ्यापुराणांतले शूर वीर मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्यातल्या कोणाला सरकारी कागदापुढे एकट्याने उभं राहावं लागलं नव्हतं.

नोकरी संपल्यावर मी एकदा अकोल्याला गेलो आणि ओळखीने ते दप्तर पाहायला मागितलं. पहिल्या सहा जबान्या, सहावी बिननिशाणीची, फाईलीत नीट शिवलेल्या होत्या, माझ्या सुंदर अक्षरात. नंतरचा कागद नव्हता. सुटकेचा शेरा होता, तोही असा की बायांना दया करून सोडलं. उद्या कोणी या वर्षांचा इतिहास लिहायला बसेल, तो हेच दप्तर उघडेल, आणि सोन्याच्या वर्षांत वऱ्हाडच्या बायांनी कापूस बुडवला असं लिहील. पुराव्यानिशी!

“आजोबा, जुनं प्रकरण आहे,” नवा कारकून म्हणाला. “त्या बायांपैकी आता कोणी आहे का?”

“मी आहे,” मी म्हणालो, आणि तिथेच बसून अर्ज लिहिला की या जबान्या खोट्या आहेत, त्या लिहिणारा मी आहे, आणि हे माझं म्हणणं त्यांना जोडून शिवावं. अर्ज परत आला. दुसरा केला, त्याला उत्तरच नाही. घरचे म्हणतात, या वयात कशाला सरकारशी डोकं लावता. तिसरा अर्ज परवा मी स्वतः नेऊन दिला. घेणाऱ्याने तो न वाचताच बाजूला ठेवला, तेव्हा मी तो परत उचलला आणि त्याला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला.