आमचा ओढा

बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, धाकट्या भावाने चहा पिता पिता विचारलं, "ताई, ती काठी मी परत नेऊ?"

कोणती काठी ते मला कळलं. बाबांच्या कपाटामागे कापडी पिशवीत ठेवलेली, चार तुकडे जोडून लांब होणारी, मासे धरायची काठी. अमेरिकेत त्यानेच ती बाबांना दिली होती. मला मासे धरता येत नाहीत. तरी ती मला द्यायची नव्हती.

"बघू," मी म्हटलं.

माझ्या मनात एक शब्द अडकून बसला होता. बाबा नागपूरहून सरकारी नोकरीत भोपाळला आले. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं हिंदी बोलणाऱ्या मुलांत वाढलो. हिंदीत 'हमारा' एकच, म्हणून आम्ही सगळ्यालाच 'आमचा' म्हणायचो. "बाबा, आमची स्कूटर कुठे आहे?" असं विचारलं की बाबा शांतपणे म्हणत, "तुमची असेल तर तुम्हीच शोधा." मग समजावत : समोरच्याला धरून बोलायचं तर आपला, त्याला वगळून बोलायचं तर आमचा. हा फरक त्यांनी आमच्याकडून घोटून घेतला. स्वतः ते त्यात कधी चुकले नाहीत.

रविवारी ते मोठ्या तलावावर गळ टाकून बसत. हिंग घातलेल्या कणकेच्या गोळ्या, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी आणि शेजारी पुस्तक घेऊन मी. भावाला एकदा नेलं होतं. त्याने इतकी बडबड केली की पुन्हा नेलं नाही. पुढे मी कॉलेजात शिकवू लागले, तरी रविवार तसाच राहिला. आम्ही फारसं बोलत नसू. मला वाटायचं, हे माझ्या वाट्याचे बाबा.

आई गेल्यावर ते एक उन्हाळा भावाकडे राहून आले. तो राहतो तिकडे नजर पोचेल तिथवर मक्याची शेतं आहेत. त्यांच्यामधून थंडगार झऱ्याचा ओढा वाहतो आणि त्यात ट्राउट नावाचे मासे असतात. त्यांना कणीक चालत नाही. गळाला पिसं बांधून किडा बनवायचा आणि तो पाण्यावर असा अलगद टाकायचा की माशाला वाटावं, खरीच माशी बसली. "माशीने मासा धरायचा," बाबा सांगत आणि स्वतःच हसत. धरलेला मासा ते पुन्हा पाण्यात सोडत.

"सोडायचा तर धरायचा कशाला?" मी एकदा विचारलं.

"ते आमच्या ओढ्यात उभं राहिल्याशिवाय नाही कळायचं."

आमच्या. मी पुस्तकाचं पान उलटलं, पण वाचलं काहीच नाही.

मग ते संध्याकाळी घरासमोरच्या मैदानात त्या काठीने गळाची दोरी फेकायचा सराव करू लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारत, "भाई साहब, घास में कौन सी मछली है?" "अभी तो आपकी चादर फँसी है," बाबा म्हणत, आणि ती खरोखरच अडकलेली असे. दुपारी ते माश्या बांधत. पिसं कोंबडीवाल्याकडची, रेशीम माझ्या भरतकामाच्या डब्यातलं. व्हिडिओ कॉलवर माशी भावासमोर धरून विचारत, "ही हिरवी चालेल ना आपल्या ओढ्यात?" त्याच्यासाठी आपला, माझ्यासाठी आमचा. व्याकरण बिनचूक होतं. स्वयंपाकघरात मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरत असे.

रात्री जेवताना भावाने पुन्हा काठीचा विषय काढला.

"तुमच्या ओढ्यावर तुला बाबा मिळाले ना?" मी म्हटलं. "काठी राहू दे इथे."

तो वरणभात कालवू लागला. "ताई, त्या ओढ्यात उभं राहून ते काय बोलायचे माहीत आहे? 'आमच्या तलावावर असा वारा नसतो. आमच्या तलावावर कुणी घाई करत नाही.' मी म्हटलं, बाबा, मीही भोपाळचाच आहे, आपला तलाव म्हणा. तर म्हणाले, 'तू तिथे कधी तासभर गप्प बसलास? तो तुझ्या ताईचा आणि माझा.'"

मी त्याच्या ताटात आणखी वरण वाढलं.

"मला फार लागलं होतं ते," तो म्हणाला. "अजून लागतं."

सकाळी मी त्याला तलावावर घेऊन गेले. बाबांच्या नेहमीच्या दगडावर आम्ही बसलो. पाण्यावर पाणकावळे होते. तो गप्प राहायचा मनापासून प्रयत्न करत होता. पण थोड्याच वेळात त्याला नव्या पुलाबद्दल विचारायचं होतं, मग पार्किंगबद्दल, मग समोरचा पक्षी कोणता त्याबद्दल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"आमच्या ओढ्यावरही सकाळी असंच..." असं म्हणून तो थांबला. "आपल्या ओढ्यावर," त्याने सुधारलं.

"तुमचाच असू दे," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी कपाटामागून पिशवी काढली, काठीचे चारही तुकडे पुसले आणि त्याच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये नीट ठेवले.