एक इसम

मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला आणि एक माणूस मेला. कंपनी म्हणाली, आमच्या हजेरीपटावर तो नाही. ठेकेदार म्हणाला, माझा नाही. म्हणजे मेलाच नाही, असं समजायचं? त्याची बायको भाड्याच्या खोलीत राहते. ती मला एवढंच म्हणालेली, “दादा, हे त्या दिवशी आत होते, एवढं कुणीतरी छापा.”

आमच्या कामगार समितीची पत्रकं मी लिहितो. या वेळी सुरुवात दणदणीत हवी होती, म्हणून जुन्या अपघातांच्या बातम्या शोधायला कल्याणच्या एका वाचनालयात बसून पन्नासच्या दशकातली स्थानिक वर्तमानपत्रं चाळली. पानं हातात तुटत होती. आणि जिथेतिथे एकच शब्द: इसम. डॉक्टर टांग्यातून पडले तर त्यांचं नाव, गाव, समाचाराला कोण कोण आलं तेही. वकिलाचं पाकीट मारलं, तर ते ‘प्रतिष्ठित गृहस्थ’. भट्टीजवळ भाजून मेला तो मात्र ‘एक इसम’. रुळांवर सापडला, एक इसम. विहीर खणताना दरड कोसळली, दोन इसम. बायको, पोरं, गाव, काही नाही. डोकंच फिरलं. त्याच संतापात पत्रक लिहिलं आणि हजार प्रती छापून घेतल्या.

गठ्ठा घेऊन आमच्या सोसायटीतल्या आजोबांकडे गेलो. ते नव्वदीला टेकलेत. तरुणपणी ठाण्याच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. म्हटलं, जरा जाब विचारू.

“आजोबा, लाज नाही वाटायची? माणूस मेला आणि तुम्ही इसम छापायचात?”

“पोलीस चौकीतून कागद यायचा. त्यात इसम असायचं, आम्ही इसम जुळवायचो. गृहस्थांची बातमी त्यांचे नातेवाईक स्वतः आणून द्यायचे, नावासकट.”

“आणि इसमाच्या घरी कुणी जायचं नाही?”

“अंक गुरुवारी निघायचा, बाबा. कोण जाणार?” त्यांनी हात पुढे केला. “आण बघू तुझं.”

चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद नाकाशी धरला. जुनी सवय, बोट ओळीखालून सरकत होतं. तिसऱ्या ओळीवर थांबलं.

“‘एका कंत्राटी कामगाराचा बळी.’ कोण हा?”

“म्हणजे... तो प्रातिनिधिक आहे. प्रश्न एका व्यक्तीचा नाही, सगळ्या...”

“तू गेलेलास ना त्याच्या घरी?”

“हो.”

“आम्ही निदान गेलो नव्हतो रे.”

चहा न पिताच उठलो. खरं सांगायचं तर त्यांचा रागच आला. आम्हाला शिकवलेलंच असं: नाव आलं की लढा वैयक्तिक होतो. तिने मागितलेली एकच गोष्ट मी घोषणेपायी गाळली होती. कंपनीला हवा तसाच कागद हजार वेळा छापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत गठ्ठा सोडला आणि काय झालं ते सरळ सांगितलं. ती ओरडेल असं वाटलेलं. तिने पेन मागितलं. आम्ही दोघं एकेका प्रतीवर हाताने नाव लिहायला लागलो. दहाबारा झाल्यावर तिने माझी प्रत ओढून पाहिली.

“आडनावही घाला. याच नावाचे तिघं आहेत तिथे. उद्या म्हणतील, दुसराच होता.”

ते नाव इथे लिहीत नाही. तिने ते पत्रकासाठी दिलेलं, माझ्या आठवणींसाठी नाही.

शिफ्ट सुरू होताना गेटवर वाटायला उभा राहिलो. माणसं घेत होती, न वाचता खिशात कोंबत होती. एक जण मात्र चार पावलं जाऊन परत आला.

“हा? अरे, हा माझ्याच शिफ्टला होता. त्या दिवशी डबा खाल्लाय आम्ही एकत्र.”

“लिहून देशील?”

“येडा झालास काय?” त्याने वॉचमनकडे पाहिलं, कागद डब्याच्या पिशवीत सरकवला आणि आत गेला.

तेव्हापासून रोज त्याच वेळेला मी गेटवर असतो. तो दिसतो, मान वळवतो, जातो. काल मात्र थांबला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“त्याची बायको कुठे राहते?”