कमान की साकव

आमच्या गावचे निम्मे पुरुष मुंबईत. गावाचे मोठे निर्णय घ्यायला ते शिमग्यात येतात, आणि शिमग्यात आमचा पऱ्या, म्हणजे गावातला ओढा, कोरडा ठणठणीत असतो. सगळी गोम तिथेच आहे.

त्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कंपनीने गावाला निधी देऊ केला. काम एकच, आणि ते गावाने ठरवायचं. मुंबईच्या मंडळाला गावाच्या वेशीवर कमान हवी होती. मला पऱ्यावर साकव हवा होता, माणूस कोरड्या पायांनी पलीकडे जाईल एवढा छोटा पूल. मंडळाचे अध्यक्ष आमचेच हे. त्यामुळे आठवडाभर घरात आमटीला मीठ जरा जास्तच पडत होतं.

पऱ्यापलीकडे माझी धाकटी जाऊ राहायची. तिच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिसला जावं लागे. पावसात पऱ्या फुगला की चार जण तिला खुर्चीत बसवून अलीकडे आणत. एकदा पाणी त्यांच्या छातीला लागलं आणि खुर्ची अर्ध्यातून मागे फिरली. मग तिच्या अंगावर अशी सूज चढली की डोळे उघडेनात. खुर्ची मागे फिरताना मी अलीकडच्या काठावर उभी होते. साकव झालाच पाहिजे हे मी तिथेच ठरवलं.

सभा देवळात भरली. मी साकवाचं काढलं तर मंडळातले एक काका म्हणाले, पऱ्यात पाणी आहे कुठे? खरंच नव्हतं, पोरं तिथे क्रिकेट खेळत होती. बायका माझ्या बोलण्यावर मान डोलवायच्या आणि नवऱ्याकडे नजर गेली की थांबायच्या. वाद लांबला तेव्हा कोणीतरी म्हणालं, देवाला कौल लावू. गुरवाने देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. देवावर ढकललं की कोणालाच वाईटपणा येत नाही. माझी देवावर श्रद्धा आहे, म्हणूनच मला संताप आला.

गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे ह्यांचा. हे उठले, हात जोडले आणि वेशीवर कमान व्हावी का, असं विचारायला लागले. आमच्याकडे गाऱ्हाण्यात बाई मधे बोलत नाही. मी उठून पुढे गेले.

"अर्धं विचारू नका," मी म्हणाले. "पावसात भावजयीला दवाखान्यात न्यायचं की कमान बांधायची, असं विचारा. तिचं नाव घेऊन विचारा. ती इथेच बसलीय."

जाऊ खांबाला टेकून बसली होती. ह्यांनी पुन्हा हात जोडले, देवाला हाक घातली, तिचं नाव घेतलं, आणि पुढचं काही तोंडातून निघेना. गुरव कळ्या धरून थांबला. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला त्यांची कीव आली, तरी मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी हात खाली घेतले.

"ह्ये देवाला इचारायचं नाय," ते म्हणाले. "साकव बांधूया."

तेव्हा कुठे बायकांचे हात वर झाले, आणि मागोमाग पुरुषांचे.

साकव पावसाच्या आत उभा राहिला, कारण सरपंच आणि कंत्राटदार दोघांच्याही मी हात धुऊन मागे लागले होते. त्या पावसाळ्यात जाऊ छत्री घेऊन, स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत जायची. तिची एकही खेप चुकली नाही. थंडी पडली, पऱ्या आटला, आणि ती वारली. मी खूप रडले.

पुढच्या शिमग्यात तेच काका साकवावर मला भेटले. "जिच्यासाठी केलास, तीच ऱ्हायली नाय," ते म्हणाले. "कमान तरी झाली असती."

"काका, एक पावसाळा ती जगली," मी म्हणाले. "त्यासाठीच मागितला होता."